काट्यावरचे दोन सर्व्हर

६ ऑक्टोबर, सकाळी
मंठ्याच्या वजनकाट्यावर कामाला लागून नववा दिवस. आधीची पाच कामं माझ्या लायकीची नव्हती, म्हणून सोडली. भुजंगशेठ म्हणले, सोयाबीनच्या सीझनात कॉम्प्युटर बंद पडू देऊ नको, दिवाळीला पर्मनंट करतो. पावत्या काढणारी शालू म्हणली, पर्मनंट झालास तर घरी तुझं नाव काढीन, मामा माझ्या लग्नाची लई जल्दी करून राह्यलेत.
म्हणजे दोन्ही पक्कं.

८ ऑक्टोबर
व्हिडिओ पाहिला. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर. असे दोन बसवायचे. ते सारखे एकमेकांना विचारतात, जिता हाय का? जबाब न्हाई आला की दुसरा काम उचलतो. याला क्लस्टर म्हणतात. दोन दिवसांचं काम. उद्या सुरू.

९ ऑक्टोबर
कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडायची केबल आणायला परतूरला गेल्तो. स्टेशनवर ड्रोनवाला भेटला. फवारणीत फ्युचर आहे म्हणे. केबल राहिली.

१३ ऑक्टोबर
शालूनं विचारलं, कुठवर आलं? नव्वद टक्के म्हणलो. मशीनची नावं ठरलीत, राजा आणि वजीर. ती म्हणली, बारसं नंतर कर, आधी चालव. तिची बोलायची तऱ्हाच तशी. मनात प्रेम आहे.

१६ ऑक्टोबर, दुपारी
झालं, केबलीशिवायच. शेठसमोर राजा बंद केला, वीस सेकंदांत वजीरनं पावती काढली. शेठ म्हणले, बराबर. शालू म्हणली, दोघं एकाच डब्ब्यात हायेत, डब्बाच गेला तर? गोदामात दुसरा कॉम्प्युटर पडलाय, एकाला तिथं टाक.
तुला टेक्निकल समजायचं न्हाई, म्हणलो. ती हसली न्हाई. दुसरा जोडायचा म्हणजे परत केबल आली. दिवाळीनंतर बघू.

१७ ऑक्टोबर
दहा ट्रॅक्टर लायनीत, आणि डब्ब्यातून धूर. राजा गेला, वजीर गेला. शालूनं वही काढली, काट्यावरचा आकडा वाचून हातानं पावत्या लिहिल्या. दुपारपर्यंत लाईन संपली. मी डब्बा पुसत होतो. शेठ म्हणले, घरी जा. आराम करायला सांगितलं असेल.

२० ऑक्टोबर
शालूला फोन लावला. म्हणली, शेठनं विचारलं, याला ठेवू का? मी खरं सांगितलं.
काय सांगितलं?
त्याला जमतं, पण तो करत न्हाई.
केबल आणायची राहिली, म्हणलो. ती केबलचंच विचारत बसली. कितीची होती, कुठं मिळते. मंग म्हणली, मला सांगायचं ना रे, मी आणली असती.
परवा पाडव्याला तिची सुपारी फुटणार. पोरगा जालन्याचा.
ठेवते, म्हणली. तरी मी बराच वेळ हॅलो म्हणत राह्यलो.