दूध, दोन वेळा

माय,

तुला वाचता येत नव्हतं. हे मला मागल्या सोमवारी कळलं, आणि तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आता मी भांडायचं कोणाशी?

गोल फिरवून बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून झालं ते सरळ सांगते. सोमवारी दुपारी खानावळीतली माणसं जेवून गेली होती आणि मी भिंतीला पाठ लावून जरा टेकले होते. सून तुझी डबी घेऊन बसली होती. तीच, खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, झाकणाचा रंग उडालेला. त्यातल्या चिठ्ठ्या आता हातात धरवत नाहीत, घडीवर फाटायला आल्यात. सून म्हणाली होती, नाताळाच्या आत आपल्या शास्त्रातली, बायबलातली सगळी वचनं जाड कागदावर नीट उतरून देते. मला बरं वाटलं होतं. पण ती लिहीच ना. एक चिठ्ठी उघडायची, डोळ्यांजवळ न्यायची, खाली ठेवायची, दुसरी उघडायची. मी म्हटलं, "अगं, लिहायलीस का नुसता वास घ्यायलीस?"

ती म्हणाली, "अहो आई, ह्याच्यावर वचन न्हाई."

"न्हाई कसं? नीट बघ. हळदीचा डाग हाय ना? ती भिऊ नको, मी तुझ्याजवळच हाय, असं म्हणती."

"डाग हाय. पण लिहिलंय, खाट नंबर सात, भात नको, पातळ पेज."

मी तिच्या हातातून ओढूनच घेतली. मला ती पळती अक्षरं कधी लागली नाहीत, तुला माहीत आहे. एसटीची पाटी आणि तेलाच्या पुड्यावरचं नाव, एवढंच माझं वाचन. पण मोतीबिंदू काढल्यापासून नवा चष्मा आहे. बोट ठेवलं, एक एक अक्षर जोडलं. खाट. नंबर. सात. मग मी दुसरी उघडली, कोपरा जळलेली. तुझ्या डोक्यावरचा केसन् केस मोजलेला आहे, ती. तिच्यावर होतं, खाट तीन, बिनमिठाचं. दोऱ्याची गाठ असलेली उघडली. तुला काहीच कमी पडणार नाही, ती. माय, तिच्यावर काय होतं सांगू? ऑपरेशन, उपाशी ठेवणे.

मी सगळ्या चिठ्ठ्या मांडीवर उपड्या केल्या. सून बिचारी घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले, "पाणी काय आणतीस, मी काय मेले का?" पण मेल्यासारखंच झालं होतं. जन्मभर रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी मी एक चिठ्ठी काढली, खूण बघितली, तू शिकवलेलं वचन तोंडानं म्हटलं आणि मगच पिठाला हात लावला. परातीत पीठ कमी असलं तरी चाललं, वचन चुकलं नाही. आणि ते काय निघालं? दवाखान्यातल्या आजाऱ्यांच्या जेवणाच्या चिठ्ठ्या! त्या सांजेला मी वरणात मीठच टाकलं नाही. ताट पुढं ओढत एक जण म्हणाला, "मावशी, आज दवाखान्यातलं जेवण हाय का?" त्याला काय माहीत. मी पदर तोंडाला लावून मागल्या दारी गेले, हसू आलं का रडू ते मला अजून कळलेलं नाही.

गंगाखेडची ती खोली मला आता पुन्हा पुन्हा दिसते. उजाडतंय, नदीकडून गार वारं येतंय. तू चुलीपुढं बसलीस, डबी हलवतेस, डोळे मिटून एक चिठ्ठी उचलतेस. मग ती उघडून नाकासमोर धरतेस आणि डोळे डावीकडून उजवीकडं फिरवतेस. फिरवत होतीस, मी बघितलंय! कोणासाठी फिरवत होतीस? मग आवाज जड करून वचन सांगायचीस आणि चिठ्ठी माझ्या हातात द्यायचीस, खूण नीट बघून ठेव म्हणून. एकदा मी तुझ्या मागं लपून दुसरी काढली, तर तू माझं मनगट धरलंस. "एका दिसाला एकच. भाकर शिळी खाल्ली तर चालती, उद्याची आज खायची न्हाई." मला वाटायचं, केवढी शास्त्र जाणणारी आहे माझी माय.

आणि तो दिवस. मी तिसरीत होते, बाईंनी वर्गात मला उभं करून धडा वाचायला लावला होता. मी उड्या मारत घरी आले आणि म्हटलं, "माय, आजची चिठ्ठी मी वाचती." तू मुस्काटात मारलीस. एवढ्या जोरात तू मला आधी कधी मारलं नव्हतंस. चिठ्ठी हिसकावून चोळीत कोंबलीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. मी समजले, हात न धुता वचनाला हात लावला म्हणून मारलं. पुढं त्या दिवाळीनंतर तू मला शाळेतून काढलंस. धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नाही म्हणालीस. ते खरंच होतं, धाकटा तेव्हा रांगत होता. पण सोमवारपासून मी हेच विचारायलेय. धाकट्यासाठी काढलंस, का मला अक्षर लागायला लागलं म्हणून? खरं सांग. आता मारायला तुझा हात पोचत नाही.

एवढं बोलून झाल्यावर तू कामाला होतीस तो मिशनच्या दवाखान्याचा भटारखाना मला आठवला. मी तुझ्यासोबत जायची, भांड्यांजवळ बसायची. ताटाबरोबर प्रत्येक खाटेची चिठ्ठी असायची. मोठ्या स्वयंपाकीणबाई ती मोठ्यानं वाचायच्या आणि तू वाढायचीस. तू कधी वाचताना मला दिसली नाहीस, मला ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कामाच्या आधी वॉर्डातल्या म्हाताऱ्या सिस्टर यायच्या. सगळ्या बायका हातातली कामं ठेवून उभ्या राहायच्या आणि सिस्टर शास्त्रातलं एकच वचन सांगायच्या, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना तुझे ओठ हलायचे. जेवणं झाली की त्या चिठ्ठ्या चुलीत जायच्या. तू त्यातली एक उचलून कमरेला खोचायचीस. मला वाटायचं सिस्टरनं तुला लिहून दिली. आता समजतंय. वचन पळून जाऊ नये म्हणून तुला काहीतरी हातात धरायला पाहिजे होतं, आणि तिथं कागद दुसरा कुठला होता? घरी येऊन एकीला हळद लावलीस, एकीचा कोपरा जाळलास, एकीला दोऱ्याची गाठ मारलीस. गुराला डाग देतात तसं एकेका वचनाला ओळखीचं करून ठेवलंस. हे मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मीच काय मोठी पंडित होते!

पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्या चिठ्ठीत. हिरव्या.

लेकराला कडेवर घेऊन मी पाथरीहून तुझ्या दारात आले, त्याला आता तीस वर्षं होत आली. नवऱ्यानं चुलीतलं लाकूड माझ्या कमरेत घातलं होतं, मला सरळ बसता येत नव्हतं. आठव्या दिवशी सासरा आला आणि त्याच्याबरोबर आपल्या मंडळीचे तीन पंच. मोठे पंच बाजेवर बसले आणि म्हणाले, "बाईनं सोसून नांदावं. शास्त्रात हेच हाय. पोरीला साडी बदलू द्या, चारच्या गाडीनं जाऊ." मी उठले सुद्धा होते, माय. शास्त्रात आहे म्हटल्यावर मी काय बोलणार होते? तेवढ्यात तू म्हणालीस, "थांबा. आजची चिठ्ठी काढायची राहिली."

राहिली नव्हती. सकाळीच काढली होती, माझ्यासमोर. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तू डबी आणलीस, डोळे मिटलेस, एक उचललीस, उघडून नाकासमोर धरलीस. आणि म्हणालीस, "लांडग्याच्या तोंडातून सुटलेलं कोकरू मेंढपाळ परत लांडग्याच्या दारात नेऊन बांधत न्हाई."

मोठे पंच म्हणाले, "हे वचन कुठलं?"

"माझ्या डबीतलं."

"दाखव बरं."

तू चिठ्ठी लुगड्याच्या निऱ्यांत खोचलीस आणि म्हणालीस, "या, काढून घ्या."

कोणी जागचं हललं नाही. सासरा खाली बघायला लागला. मोठे पंच चहा न घेताच उठले. त्या चिठ्ठीला आधी खूण नव्हती, तुझ्या घामानं लुगड्याचा हिरवा रंग तिला लागला तीच तिची खूण झाली. त्याच एका ओळीवर मी परभणीला आले, दुसऱ्यांच्या घरी भाकरी थापल्या, मग स्वतःची खानावळ काढली, पोराला वाढवलं. कोणी म्हणालं, नवरा टाकून आलेली, की मी मनात म्हणायचे, मी नाही आले, मला देवानं आणलं, त्याच्या वचनात आहे.

सोमवारनंतर सून गप्प बसली नाही. ती माझ्यासारखी आदळआपट करत नाही, पण हट्टी आहे. म्हणाली, "चिठ्ठीवर नसलं तर नसू द्या. पुस्तकात हाय का ते बघू." रोज दुपारी ती माझ्यासमोर शास्त्र घेऊन बसते. मी तोंडानं म्हणते, ती मोबाइलवर शोधते आणि मग पुस्तकात बोट ठेवून वाचते. आणि माय, मला दुसरा धक्का तिथं बसला. आहेत! सगळी आहेत! हळदीची आहे, जळक्या कोपऱ्याची आहे, गाठीची आहे. तुझी एक ओळ, तिथं अख्खं पान. भिऊ नको हे ज्यांना सांगितलं ती माणसं घरदार सुटून परक्या मुलखात पडलेली होती, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. मी तेवढीच ओळ चघळत बसले होते. सून वाचते आणि मी पीठ मळायची थांबते. इतकी वर्षं रोज घास घास खाल्लं ते कुठल्या ताटातलं होतं ते आता दिसायलंय. मला लय भूक लागलीय. एका वचनापाशी थांबवत नाही, मी तिला म्हणते, अजून पुढं वाच. तुझा नियम मोडला तर मोडला. सून म्हणाली, "आजीनं कुठंच चुकवलं न्हाई." तेव्हा मला तुझा एवढा गर्व वाटला, आणि एवढा राग आला, की मी उठून उगाच भांडी घासली.

मग हिरवी राहिली. दोन दिवस ती शोधत होती. काल तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, मेंढपाळ लय ठिकाणी हाय. कोकरू हाय. लांडगा बी हाय. पण हे असं कुठंच न्हाई."

"पुन्हा बघ."

"चारदा बघितलं. आणि चिठ्ठीवर हाय, खाट चार, दूध, दोन वेळा."

मी परात बाजूला सारली. तू तीन पंचांसमोर, शास्त्राचं नाव घेऊन, खोटं बोललीस. ज्या बाईनं मला उद्याची चिठ्ठी आज उचलू दिली नाही तिनं. तुझे हात कापत होते का? मी हातांकडं बघितलंच नव्हतं. सुनेनं पेन उघडलं होतं. म्हणाली, "हे लिहू का वगळू? बाकीच्यांच्या खाली कुठल्या पुस्तकातलं, कितवा अध्याय ते टाकलंय. ह्याच्या खाली काय टाकू?"

माझं पोर आतल्या खोलीत मोबाइलवर काहीतरी बघून हसत होतं. तीस वर्षांचा बाप्या झालाय. तो आवाज ऐकत मी म्हटलं, "लिही. खाली टाक, खाट चार, दूध, दोन वेळा."

तिनं टाकलं. हसली नाही, मला तेवढ्यासाठी ती आवडते.

तर हे असं झालं. तिसरीतनं काढलेली बाई मी, चार दिवस लागले एवढं खरडायला. तुला पोचणार नाही, आणि पोचलं तरी तुला वाचून दाखवायला कोणीतरी लागेल. मोठ्यानं वाचलं असतं, पण पडद्यापलीकडं सून आहे. आणि तिनं एक ऐकू नये असं मला वाटतं. वर मी लिहिलं की मला सोमवारी कळलं. तुला वाचता येत नाही, ते सोमवारी कळलं. हिरव्या चिठ्ठीचं मला आधीपासून वाटत होतं. देवळात पाळकसाहेबांनी मेंढराचा धडा काढला की मी श्वास धरून बसायचे, आता येईल, आता येईल म्हणून. कधी आलं नाही. उपासना संपली की ते दारात उभे राहून सगळ्यांना विचारायचे, काही शंका आहे का. मी चप्पल शोधत बसायचे.