दारातून निघताना

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज कामाला लागलो. ही वही गौरांगसाहेबांनी दिली. जर्मनीत साइटवर रोज काय झालं ते लिहून ठेवायचा कायदा आहे म्हणे. मी म्हटलं, साहेब, माझी शाळा आठवीत सुटली. ते म्हणाले, आल्झो दत्ता, मराठीत लिही, जर्मन मी करतो, फक्त अक्षर माणसाला वाचता येईल असं काढ. साहेब पुण्याचे, इथल्या आखन शहरात इंजिनियर. बोलण्यात दर दोन शब्दांनी आल्झो नाहीतर गेनाऊ, म्हणजे 'तर मग' आणि 'बरोबर'.

जागा मस्त आहे. डोंगर, गाई, हिरवं गवत. पाच महिने क्रोएशियात सिमेंटची पोती वाहिली, आता परत लाकडाला हात लागला. घर तीनशे वर्षांचं, ओकच्या खांब-तुळयांचं, मधल्या भिंती काटक्या आणि मातीच्या. बघितलं आणि हसलोच. हे तर आपलं कूड! आमच्या देवगडकडे गुरांच्या गोठ्याला असतं. इथे त्याचं पुस्तकात नाव आहे.

इथून जुन्या काळी लोक अमेरिकेला गेले, विस्कॉन्सिन की कायसं. त्यांच्या पतवंडांनी तिथल्या काउंटीच्या म्युझियमसाठी हे घर विकत घेतलंय. आम्ही एकेक लाकूड उतरवून त्याला नंबर बांधायचा, कंटेनरात भरायचं, तिकडे पुन्हा उभं करायचं. मी आणि इव्हो नावाचा क्रोएशियन.

सत्तावीसला माझं विमान आहे. तीसला प्रभाचं लग्न. बाबा नाहीत, भाऊ मी एकटा. नवरदेवाचा कान मीच पिळायचा. साहेब म्हणाले, सांगाडा उतरला की रजा.

साडेचारला काम संपलं. दारातून निघताना सवयीने म्हटलं, येतो. साहेब हसले. कोणाला सांगतोस रे, घरात काळं कुत्रं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
दोन दिवसांत वरच्या मजल्याचं कूड पाडलं. आज माळ्याच्या सांध्यांतल्या लाकडी खुंट्या ठोकून काढल्या. चौतीस. जुन्या सुताराचं काम असं की सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही. त्याचा हात बघून बरं वाटलं.

मी राहतो दोन किलोमीटरवर, गावात, एका बंद खानावळीच्या वर. सरळ एकच रस्ता. येणारे-जाणारे घराकडे बघून थांबतात, दोन शब्द बोलतात आणि जाताना 'च्यो' म्हणतात. पोस्टमन च्यो, दूधवाला च्यो. कोलोनकडची भाषा आहे म्हणे, टाटासारखी. मी आपला येतो म्हणतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. बुधवारी काढलेल्या खुंट्या परत ठोकलेल्या. चौतीसच्या चौतीस. इव्होला विचारलं, तो खांदे उडवतो. याला कळत नाही का की माझ्या रजेचा प्रश्न आहे? दिवसभर बसून पुन्हा काढल्या. एक बोट सुजलंय.

त्यात भर, संध्याकाळी अर्ध्या रस्त्यात आठवलं, हातमोजे घरातच राहिले. परत गेलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
पुन्हा तेच. आता खुंट्या चपखल बसल्यात, डोक्यावर हातोड्याचा व्रण नाही. इव्होला हे जमायचं नाही, तो खिळासुद्धा वाकडा मारतो. मीच मोजणीत चुकतो का? मी सुताराचा पोर, खुंटी मोजायला चुकेन?

शनिवारी चार्जर राहिला. काल पाकीट. आज चक्क एक बूट. बूट कसा राहील? दोन्ही पायांत घालून निघालो होतो. तरी चिखलात एका पायाचा मोजा भिजलेला कळला आणि परत जावं लागलं. बूट बैठकीच्या खोलीत, शेगडीजवळ, वाळत ठेवल्यासारखा.

बुधवार, १२ नोव्हेंबर
फ्राऊ थेलेन आल्या. ऐंशीच्या असतील. गावाच्या इतिहासमंडळाचं काम बघतात, काखेत जाड फाइल. मोबाइलवर भाषांतर करत बोललो. घराची कुंडली सांगितली. १८५२ साली इथल्या गर्ट्रूड नावाच्या बाईची सात मुलं एकेक करून अमेरिकेला गेली. प्रत्येकाने याच दारात सांगितलं, परत येतो. एकही आला नाही. बाई सात ताटं मांडून बसायची. मेली तीही दारातल्या बाकावरच.

मी म्हटलं, आमच्या कोकणातपण असं असतं, मुंबईला गेलेले परत येत नाहीत. त्या हसल्या नाहीत.

निघताना मी त्यांच्यासोबत दारापर्यंत आलो आणि घराला येतो म्हटलं. त्यांनी विचारलं, हे काय म्हणता? सांगितलं. आम्ही जातो म्हणत नाही. जातो म्हणतो तो मेलेला. जाणारा म्हणतो येतो, आणि घरातलं माणूस म्हणतं, ये.

फोनमधल्या बाईने त्यांना जर्मनमध्ये वाचून दाखवलं. फ्राऊ थेलेनचं तोंड पांढरं पडलं. म्हणाल्या, या दारात गावातलं कोणी 'पुन्हा भेटू' म्हणत नाही. म्हणून सगळे च्यो म्हणतात. त्यांच्या आजोबांच्या वेळी एक परगावचा पोस्टमन सभ्यपणे पुन्हा भेटू म्हणाला. त्याची बदली झाली, पण तो कधी गेलाच नाही. रोज याच बाकावर येऊन बसायचा. बसूनच म्हातारा झाला.

किती वेळा बोललात, त्यांनी विचारलं. मी मोजलं. रोज एकदा तरी.

हात न मिळवता गेल्या. फाटकापाशी मोठ्याने म्हणाल्या, च्यो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असं ठरवलं. तरी काल तोंड दाबून निघालो. आज कामाच्या नादात सुटलंच तोंडून, येतो.

आतून कोणीतरी म्हणालं, ये.

मराठीत. आई म्हणते तसं नाही. कोरडं, शिकल्यासारखं.

इव्हो बाहेर गाडीत होता. घरात कोणी नव्हतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
इव्हो पळाला. हत्यारंही टाकून. कोणाला काही बोलला नाही, दाराकडे बघितलंही नाही. त्याला जमलं. तो मुकाच आहे.

साहेबांना फोन केला. म्हणाले, भूत दिसतंय का तुला? आठवीत सुटलेल्याला भूतच दिसणार. खुंट्यांचा फोटो पाठवला तर म्हणतात हा तीन तारखेचा फोटो आहे.

पडलेलं कूड भरत आलंय. माती ओली आहे. मातीवर बोटांचे ठसे, लहान, बाईचे.

एकट्याने सगळं पुन्हा पाडतो आहे. वैताग आलाय. दिवसा पाडायचं, सकाळी उभं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
साहेब आले. घर जसंच्या तसं उभं. तीन आठवडे काय झोपा काढल्यास का, म्हणाले. रजा नाही. मी म्हटलं, बहिणीचं लग्न आहे. म्हणाले, लग्न तिचं आहे, तुझं नाही. मग मीच ओरडलो. नोकरी घ्या, घर घ्या, मी सत्तावीसला जाणार म्हणजे जाणार.

ते च्यूस, म्हणजे त्यांचं टाटा, म्हणून गाडीत बसले. गेलेसुद्धा. किती सोपं आहे यांना.

सोमवार, २४ नोव्हेंबर
काल सुट्टी होती. घराकडे फिरकलो नाही. सकाळी बॅग भरून गावातल्या बसथांब्याकडे निघालो, कोलोनला दोन दिवस मित्राकडे राहीन म्हणून. खोलीपासून थांबा शंभर पावलं.

पाच मिनिटं चाललो. समोर हे घर.

मागे फिरलो. सरळ रस्ता. पुन्हा घर. तीन वेळा. शेवटी आत गेलो. बैठकीत शेगडी पेटलेली. एक ताट मांडलेलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
दारात 'निघतो' म्हणून बघितलं. आतून — ये.
च्यो म्हटलं. ये. वीस वेळा म्हटलं. माझ्या च्योला किंमत नाही, मला तो शब्द आतून येतच नाही.

दिला शब्द मोडायचा तर आपल्याच भाषेत मोडावा लागणार. एकच शब्द उरतो.

बाबा गेले त्या सकाळी आईला म्हणाले होते, जातो गं. आई अजून तो शब्द घरात कोणाला उच्चारू देत नाही.

बुधवार, २६
नाही म्हणवत.
दारात उभा राहिलो. तोंड उघडलं. नाही —

पासपोर्ट ताटाशेजारी ठेवलेला. घेतला. गर्ट्रूडने घेऊ दिला. का?

गुरुवार, २७. सकाळी
म्हणालो.
जातो. मोठ्याने. आईची माफी मागून.

आतून काही आलं नाही. शेगडी विझल्याचा वास. रस्त्याला लागलो. रस्ता सरळ गेला! गाव आलं. थांबा. बस आली.

बसमध्ये लिहितोय. घर मागे राहिलं, चर्चचं टोकही दिसेना. अकराची गाडी, फ्रँकफर्ट, रात्रीचं विमान. बस हिसके देतेय म्हणून अक्षर असं.

प्रभाचा फोन आला. मागे बायकांचा गलका. भांडत होती. दादा, सगळे विचारतायत कान कोण पिळणार, त्यांच्याकडचे हसतायत. आज तरी निघालास ना? रडायलाच लागली. म्हटलं, रडू नको गं वेडे. निघालो. येतो. येतोच —

अरे देवा

तिकडून — ये

प्रभा नाही. प्रभाचा आवाज नाही.
फोन कट झालेला. कधीचा. मांडीवर आहे.

माणसं उतरतायत. थांबा नाही तरी उतरतायत. प्रत्येक जण ड्रायव्हरला च्यो, च्यो —

मी एकटाच

बस वळली. इथे वळायला रस्ता नाही. मी उतरणार नाही. दांडा धरून बसतो, डाव्या हाताने घट्ट, प्रभा, मी उत

दार उघडलं. शेगडीचा