दाराबाहेरचे आसन

धाकट्या बहिणीस थोरल्या भावाकडून मंगलकामना.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या रंगाच्या कारखान्यात मालकांनी रोज दहा मिनिटे ध्यान सुरू केले आहे. श्वास पाहिला की मन शांत होते व तक्रारी थांबतात, असे त्यांचे मत. पहिल्याच दिवशी त्या शांततेत साठ जणांच्या छातीची घरघर सर्वांस स्पष्ट ऐकू आली. मी उभा राहून म्हणालो, “साहेब, श्वास पाहून झाला. आता रंगाची वाफ बाहेर काढणारा पंखा बसवावा.”

मुकादम हसला. “आजोबा, श्वास नुसता पाहायचा, त्याची चौकशी करायची नाही!”

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की, खोकणाऱ्यांनी बाहेर बसावे, इतरांचा ध्यानभंग होतो. आम्ही तिघे बाहेर आलो. बाकीचे पाठोपाठ येतील, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी आतून दार लावून घेतले. कडी घालणारा माझ्याच खोलीत राहतो. त्याला ध्यानात ताठ बसायला मीच शिकवले.

तू काळजी करू नकोस. बाहेर हवा चांगली आहे आणि मला खोकला थोडाच आहे. परंतु उद्यापासून मी दाराला लागून बसणार आहे, आणि खोकला दाबणार नाही.

तुझे भले चिंतणारा,
तुझा दादा