खाराच्या थराखाली

नापोली, सोमवार, ५ मार्च
सकाळच्या गाडीने पोहोचले. कॉफीबारचा मालक सावेरियो स्वतः स्टेशनवर आला होता. माझी ट्रंक उचलताना त्याने विचारले, इंजिनिअरबाई, यात कपडे आहेत की तोरिनोतली सगळी पाने-पक्कड? मी सांगितले, दोन्ही. उभा जन्म कारखान्यात कॉफीची यंत्रे बांधण्यात गेला; आता एका बारचे एकच यंत्र सांभाळायचे म्हणजे सुट्टीच.
यंत्र देखणे आहे. पितळी, चार दांड्यांचे. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते आणि सावकाश वर जाताना कॉफीच्या भुकटीतून पाणी रेटते. भुकटी नसेल तर दांडा उसळून तोंडावर येतो. यंत्रावर कॉफी काढायला नुंत्सियो असतो. हात हलका, जीभ त्याहून.

बुधवार, ७ मार्च
बॉयलर आजवर उघडलेलाच नाही. मालक म्हणतो, आत साचलेला पाण्याचा खार म्हणजेच चव. तुम्हा उत्तरेकडच्यांना साबणाची कॉफी गोड लागते. नुंत्सियोने भर घातली की त्याची सासू आणि हा बॉयलर, दोघांचे तोंड बंद असलेलेच बरे.
अशाच खाराने तळ जळतो आणि जादा वाफ सोडणारी झडप चिकटते. रविवारी दुपारी उघडणार असे बजावले. मालक कुरकुरत कबूल झाला.

रविवार, ११ मार्च
छिन्नीने थर फोडला. थरात दात होते. माणसांचे, मुळांसकट.
मालक घाबरला नाही, चिडला. म्हणाला, दांडा इथे प्रत्येकाच्या जबड्यावर कधी ना कधी बसतोच. थर होता तोवर हा पोटभर खाऊन निजला होता. मी विचारले, बंद बॉयलरमध्ये दात जाईल कुठून? त्याने खांदे उडवले.
सगळे खरवडून काढले. आम्लाने धुतले, नवे वॉशर बसवले. दाबाचा काटा एकवर स्थिर. काम चोख झाले आहे.

मंगळवार, १३ मार्च
नुंत्सियोचा दांडा उसळला. भुकटी भरलेली होती, मी पाहिली होती. जबडा मोडला. कपांच्या रांगेवर रक्त.
त्याचे दोन दात जमिनीवर सापडेनात. केर चाळला. मग बॉयलर उघडला. दोन्ही तळाशी होते. पांढरेशुभ्र, उकडलेले.
यंत्र भंगारात काढा असे मालकाला सांगितले. तो म्हणाला, मग बारमध्ये काय, तुमचे भाषण विकू?

गुरुवार, १५ मार्च
नुंत्सियो आलाच. जबडा तारेने बांधलेला. घरी जा म्हणून खडसावले. दातओठ न हलवता पुटपुटला की आपण घरी बसलो तर मालक उद्या धाकट्या भावाला उभे करील.
मग मीच गॅसची नळी उपटली. ती माझ्या मांडीवर आहे. यंत्र निवेस्तोवर समोरून हलणार नाही.

काटा दीडवर. गॅस नाही, तरी.
दर वेळी आकडा लिहिते. नोंद राहायला हवी.

दोन. झडप सुटायला हवी होती — मालकाने माझ्या नकळत तिच्यात लाकडी खुंटी ठोकली आहे. म्हणे, फुसफुस ऐकून गिऱ्हाइके पळतात.

चारही दांडे आपोआप खाली आले. गिऱ्हाइके पळाली. मालक शिव्या देत पुढे वाकला — पहिला दांडा. हनुवटीपासून वर — चेहरा नाही. पाय अजून हलताहेत.

उरलेल्या तिन्हींवर नुंत्सियो आडवा पडला आहे. छातीने दाबून धरलेत. सोडले तर त्याचेच डोके —

सव्वादोन. आतून टकटक. दातांवर दात आपटावेत तशी.

त्याचे मनगट मोडले. आवाज आला. तो सोडत नाही. माझ्याकडे बघतो आहे.

अडीच. खुंटी उपटायला त्याच्यावरून वाकावे लागेल. पक्कड घेतली. त्याला सांगितले, वाफ सुटली की लगेच बाजूला हो, माझी वाट बघू नकोस, आणि डोके खाली —