सिक्स्ताअक्काच्या तीन खुणा

ब्रॉन्क्स, १२ मार्च

प्रिय अनेल्सी,

तुझी तब्येत कशी आहे? ट्रक चालवून धरलेली तुझ्या नवऱ्याची कंबर सुटली का? छोट्या एलियाला दात आले की अजून घरभर रडारड? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. आणि माझी थोरली बहीण, तुझी सिक्स्ताअक्का, ऐंशी उलटली तरी मला अजून 'कार्ट्या' म्हणते, म्हणजे ठणठणीत आहे.

आठवतं ना, पंधरा वर्षांची होतीस तू. अक्काच्या पोटात कळा येत होत्या, आणि दुखायला लागलं की तिची स्पॅनिश पळून जाते, उरते फक्त आपली गारिफुना बोली. म्हणून दवाखान्याच्या खिडकीशी तू दुभाषी झालीस. आतली बाई म्हणाली, "काळे की लॅटिनो? एकच खूण करा." तू लॅटिनोवर केलीस. आपण होंडुरासचे, स्पॅनिश बोलणारे, चुकलं काय त्यात? तिने तुझा काळा रंग वरून खाली न्याहाळला, "तू? दिसत तर नाहीस गं!" आणि खूण खोडली. मी म्हणालो, "बाई, आधी सांगायचं होतं, अर्धाच आलो असतो." रांग हसली. तू हसली नाहीस. पुढे संधी मिळताच ह्यूस्टनला निघून गेलीस.

मागच्या वर्षी मी दवाखान्यात विचारलं, आमच्या भाषेचं माणूस का ठेवत नाही? साहेब म्हणाले, "आजोबा, कागदावर तुमची माणसंच नाहीत!" मी चक्रावलो. दर शनिवारी माझ्या हातचा नारळाचा पाव खायला अर्धी गल्ली लोटते, ती कोण मग? नंतर कळलं, घोळ आपलाच. मूळचे कुठले, असं विचारलं की आपला गारिफुना माणूस गावच सांगणार. कुणी कोरोसाल लिहिलं, कुणी सांता फे. दवाखान्याने सगळ्यांना 'इतर' म्हणून एका कोपऱ्यात लोटलं होतं.

मग काय, पावाची टोपली घेऊन दारोदार फिरलो. शेजारची हेर्त्रुदिस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं गाव पुसायला आलास होय रे?" मी म्हटलं, "गाव उराशी ठेव बाई, कागदावर गारिफुना लिही." "आणि पाव?" "आधी लिही!"

हळूहळू दवाखान्याच्या कागदांवर आपली माणसं दिसू लागली, आणि सोमवारी नवा फॉर्म आला. त्यात आपली स्वतःची ओळ आहे पोरी, आणि वर छापलंय, हव्या तितक्या खुणा करा! अक्काने काळे, लॅटिनो, गारिफुना, तिन्हींवर खुणा केल्या, कागद डोक्यावर धरला आणि त्याच खिडकीसमोर नाचली. रांगेतल्यांनी बाकांवर असा ठेका धरला की डॉक्टर बाहेर आले.

आता खरं सांगतो. खिडकीमागे आपल्या भाषेच्या माणसाची जागा निघाली आहे. साहेबांनी कुणी आहे का विचारलं, आणि मी तुला न विचारता तुझं नाव दिलं. रागवायचं तर इथे येऊन रागव. ट्रक इथूनही सुटतात. जिथे तुझी खूण खोडली गेली, तिथे आता आतल्या खुर्चीत तू बस, आणि कुणाचीच खूण खोडू नकोस. महिनाअखेर कळवायचं आहे, तेव्हा उत्तर लगेच टाक. अक्का रोज टपालपेटी बघायला खाली उतरते, आणि जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या आहेत.

तुझाच,
एपिफानियो आजोबा