नव्या बॅचमधले अप्पा

अप्पा,

आमटी गॅसवर आहे, गरम करून घ्या. मी शिकवणीला चाललेय.

आज आमच्या कॉम्प्युटर क्लासात डोकावले, तर नव्या बॅचमध्ये तुम्ही! आपली टायपिंग इन्स्टिट्यूट बंद ठेवून? ओळ संपली की तुमचा हात सवयीनं टाइपरायटरचा दांडा ढकलायला जायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. मी तशीच पळाले.

घरी अव्वाला सांगितलं नाही. पण उद्यापासून त्या बॅचच्या मदतीला सरांनी मलाच बोलावलंय की! तिथं ओळख दाखवू का नको? दाखवायची असली तर सकाळी मला स्कूटरवर मागं बसवा, नाहीतर मी चालत जाते.

आणि अप्पा, कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली जाते. तुम्ही नुसतं टाइप करत राहा. तुमच्याएवढं फास्ट सरांनाबी येत नाही.

शांभवी