बाटलीतली गाठ

कुरुंदवाड, ९ मार्च २०२५

ती. आक्कास,
धाकट्या निशीचा सा. न.

फोनवर माझं तोंड उघडत न्हाय म्हणून लिवतोय. आबांच्या मांडीची गाठ काढली. डॉक्टर म्हणलं, चरबीची हाय, भ्यायचं कारण न्हाय. बाटलीत घालून दिली आणि तपासाय न्या म्हणलं. पण आई म्हणाली, जित्या माणसाचं मांस घरात ठेवू ने. हळद-कुकू वाहून तिनं ती संगमावर सोडली. आबा म्हणलं, आता वरीसभर नदीचा मासा आणू नगा, मीच ताटात यायचो. लई हसलो.

बाळाला पापा. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
निशी


आजरा, १७ मार्च

चि. निशीस,
अ. उ. आ.

आईला एवढी घाई कसली गं? शेजारची नर्सबाई म्हणाली, गाठ न तपासता टाकायचीच न्हाय. बाळ लहान, मला हलता येईना. टाक्यापाशी परत काय हाताला लागलं तर आबांचं ऐकू नगंस, थेट कोल्हापूरला ने. आणि लाजत बसू नगंस. डॉक्टर काय तुला बघाय आलेला पावणा न्हाय!

रागावलो तरी तुझीच,
आक्का


कोल्हापूर, २० जून

ती. आक्कास,
सा. न.

तू म्हणलीस तसंच झालं. टाक्याखाली सुपारीएवढं लागलं, मग लिंबाएवढं झालं. आबा म्हणलं, उसात ताण बसला. मी ऐकलं न्हाय. हितं एमआरआय केला, सुईनं तुकडा काढून तपासला. सार्कोमा हाय. मांसातला कॅन्सर, क्वचित कुणाला हुतो. डॉक्टरीणबाईंनी पहिली गाठ मागितली. खाली बघत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या न्हाईत, त्यांनी नुसतं पेन खाली ठेवलं. त्याचंच भ्या वाटलं. म्हणल्या, तवा न तपासता कापल्यानं ते आजूबाजूला पसरलं असंल. आता आधी रेडिएशनचा शेक, मग भोवतीचं मांस धरून कापायचं. पाय वाचंल, पण छातीत गेलं न्हाय ना ते बघू.

छातीच्या स्कॅनचं आज कळलं. आबा म्हणलं, तू भाईर बस, आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं. हसतच आलं. छाती साफ हाय म्हणलं, चल मिसळ खाऊ. आक्का, बापानं आजवर मला कधी हाटेलात नेलं न्हाय. स्वतः घासभर खाल्लं न्हाय. मोटरचा स्टार्टर कसा टाकायचा, कुठल्या सरीला आधी पाणी सोडायचं, आई घाबरली तर काय म्हणायचं, सगळं मला समजावत बसलं. मी नुसतं व्हय व्हय म्हणलो.

उद्या ते शेकाला आत गेलं की मी एकटीच डॉक्टरीणबाईंना छातीचं इचारणार हाय.

आमच्यावर ध्यान असू दे.
निशी